झारा जामीन

कडूबाच्या आधी त्याच्या आईची दोन मुलं गेली होती. तिसरं झालं तेव्हा टेंभुर्णीतल्या जाणत्या बायकांनी सांगितलं की याचं नाव गोड ठेवू नका, गोड नावाला दृष्ट लागते. म्हणून पोराचं नाव कडूबा पडलं. पोर जगलं, आणि पुढं जाऊन या कडूबानं जन्मभर बुंदी पाडली. जालन्यापासून जाफराबादेपर्यंत शेतकरी कुणब्यांच्या घरी लग्न ठरलं की याद्या करतानाच कोणीतरी म्हणे, "तोंड गोड करायचं असल तर कडूबाला सांगा." हा विनोद त्यानं हजार वेळा ऐकला असेल. हजाराव्या वेळीही तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे.

घरी शेत होतं. थोरल्या भावाच्या हाताला नांगर बसला, कडूबाच्या हाताला बसला नाही. विशीत तो जालन्याला आला आणि धर्मराज नावाच्या म्हाताऱ्या आचाऱ्याबरोबर राहिला. धर्मराज गेला तेव्हा मस्तगडातली एक खोली, तीन कढया, सहा गंज आणि एक झारा एवढं कडूबाकडे आलं. झारा म्हणजे बुंदी पाडायचा, लांब दांड्याचा, भोकाभोकांचा लोखंडी डाव. धर्मराजनं तो कुठल्या लोहाराकडून करून घेतला होता कोण जाणे; पण त्यातून पडलेली प्रत्येक कळी सारखी, गोल, मोत्यासारखी निघे. कडूबाकडे दुसरा एक झारा होता. त्याच्यातून बुंदी पडे, पण एकीला शेपटी, एक चपटी; अगदी अडल्याशिवाय तो त्याला हात लावत नसे.

या झाऱ्याबरोबर धर्मराजची एक रीतही कडूबाकडे आली होती. आचारी परगावी जातो, चर खणून चुली पेटवतो, दोन-चारशे माणसं जेवू घालतो, आणि संध्याकाळी गाडीत बसून निघून जातो. अन्न मात्र लोकांच्या पोटात राहतं. रात्री कोणाला उलटी झाली, सकाळी कोणाचं पोट धरलं, तर आचारी कुठं शोधायचा? म्हणून धर्मराज लग्नघरातून निघताना आपला झारा यजमानाच्या हाती देई. तो तीन दिवस त्या घरच्या खुंटीला टांगलेला असे. तीन दिवसांत सगळं ठीक राहिलं तर यजमान नारळासोबत झारा माघारी पाठवी. कोणाला काही झालं तर झारा पाठवायचा नाही, नुसतं थांबायचं. चौथ्या दिवशी आचारी आपल्या पायांनी येईल. "आचाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नये," धर्मराज म्हणायचा. "त्याचा झारा कुठं हाय ते पाहावं."

कडूबानं ही रीत पंचवीस वर्षं पाळली. लग्नसराईत त्यामुळे फार अडे. झारा तीन दिवस परगावी, म्हणजे तीन दिवस बुंदीचं काम घेता येत नसे. त्याची बायको झुंबरबाई म्हणे, "आवो, तुमचा झारा हाय का सासुरवाशीण? जातो एकदाचा, अन् माघारी आणायला मुराळी धाडावा लागतो."

"सासुरवाशीण माघारी येती तेव्हा घर कसं भरल्यावानी वाटतं," कडूबा म्हणे.

"मला तर कधी वाटलं न्हाई," झुंबरबाई म्हणे आणि कढई घासायला घेई.

पंचवीस वर्षांत झारा एकदाही अडकला नाही. अडकला तो फसली तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात. जाफराबादच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात लग्न उरकून कडूबा परतला. तीन दिवस झाले, झारा आला नाही. चौथ्या दिवशी पहाटे त्यानं पायात जोडे घातले आणि चालू लागला.

पुंजाराम नावाचा एक म्हातारा आजारी पडला होता. लग्नात तो पोटभर जेवला होता, दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन त्यानं उन्हात तापलेली दोन टरबुजं एकट्यानं संपवली होती. घरच्यांना टरबुजांचं ठाऊक होतं, पण झारा खुंटीला होता आणि शंका होती. कडूबानं टरबुजांचा विषयच काढला नाही. तो म्हाताऱ्याच्या उशाशी बसला. तांदळाची पेज केली, डाळिंबाची साल उकळून दिली, अंगणात झोपला, सकाळी पुन्हा पेज केली. पाच दिवसांनी म्हातारा उठून बसला आणि म्हणाला, "आचारी, आता बुंदी हाय का थोडी?" सगळे हसले. झारा नारळासोबत कडूबाच्या हाती आला.

पण येताना वाटेत कडूबाच्या डोक्यात एकच विचार फिरत होता. पुंजाराम उठला. न उठता तर? पेज करणं, उशाशी बसणं, हे जगणाऱ्यासाठी. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तो काय देणार होता? भोकाभोकांचा एक लोखंडी डाव?

घरी आल्यावर तो चार दिवस नीट जेवला नाही. तेव्हा जावई आला. कडूबाचा जावई त्रिंबक जालन्यातल्याच एका जिनिंगमध्ये कारकून होता, चार बुकं शिकलेला होता आणि शिकलेल्या बुकांचा त्याला विसर पडू नये अशा बेतानं बोलायचा.

"मामा," तो म्हणाला, "गेल्या साली आमच्या जिनिंगमधी कापसाच्या गंजीला आग लागली. शेठजींच्या डोळ्यातून टिपूस न्हाई आलं. काहून? बिमा होता. कंपनीनं भरून दिलं. तुमी बी पंगतीचा बिमा उतरवा."

"पंगतीला आग कशी लागंल?"

"आगीचा न्हाई हो. जोखमीचा. जे काही व्हईल त्याची भरपाई कंपनीवर. तुमी निवांत."

निवांत हा शब्द कडूबाला आवडला. दुसऱ्या दिवशी दोघं सदर बाजारात रामकिसन नावाच्या बिमावाल्याकडे गेले. सरकीच्या दुकानावरच्या माडीवर त्याची बैठक होती. गळाबंद कोट घातलेला, मवाळ बोलणारा, साठीकडे झुकलेला माणूस. त्यानं समोर उर्दूत छापलेला कागद ओढला, टाक बुडवला आणि विचारलं, "उमर?"

"कोणाची?"

"तुमचीच."

"माझी काहून? जेवणाऱ्यांची लिहा."

रामकिसननं चष्म्यावरून पाहिलं. "जेवणारे किती?"

"एका पंगतीला दोनशे धरा. अशा चार पंगती. पाऊसपाणी बराबर झालं असलं तर सहा."

रामकिसननं टाक खाली ठेवला. मग त्यानं शांतपणे समजावलं. माणसाच्या जिवाचा बिमा असतो. तो माणूस गेला की त्याच्या बायकापोरांना रक्कम मिळते. गंजीचा असतो, मालाचा असतो. तुम्ही आपल्या जिवाचा उतरवा, घरधनिणीच्या नावानं.

कडूबानं ऐकून घेतलं. त्याला एखादी गोष्ट समजली नाही की तो कानाची पाळी ओढत बसे. तशी ती ओढून झाल्यावर म्हणाला, "साहेब, मी मेलो तर त्यात माझा कसूर काय? पण माझ्या हातचं खाऊन कोणी मेलं तर कसूर बिलकुल माझा. जिथं कसूर न्हाई तिथं तुमचा बिमा हाय, अन् जिथं कसूर हाय तिथं न्हाई. हे उलटं न्हाई झालं?"

रामकिसननं चष्मा काढला आणि कोटाच्या बाहीला पुसत बसला. खाली सरकीची पोती गाडीत चढत होती, त्यांचा धप्प धप्प आवाज येत राहिला.

"वीस सालात हे मला कोणी विचारलं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "विलायतेत असा बिमा असंल, आपल्याकडं ऐकला न्हाई. पण मी हैदराबादला लिहून पाहतो. कागदाला काय लागतं."

त्यानं तिथंच पत्र लिहिलं. कडूबाचं नाव, धंदा, आणि परगावी जाऊन तो जेवू घालतो त्याची जोखीम घेता येईल का, एवढंच. पत्राला उत्तर यायला दीड-दोन महिने लागतील, असंही त्यानं सांगितलं.

त्रिंबकला मात्र दीड महिना दम निघेना. त्यानं मस्तगडात त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की आमच्या मामांचा बिमा झाला. मस्तगडातून ही खबर भुसाराच्या गाड्यांबरोबर बाहेर पडली. बिमा हा शब्द जालन्यात जिनिंगवाल्यांना ठाऊक होता. गाड्यांच्या वाटेवर कोणाला ठाऊक नव्हता. माणसानं न कळलेला शब्द ऐकला की तो त्याच्या जवळचा कळलेला शब्द उचलतो. टेंभुर्णीपर्यंत जाता जाता 'कडूबाचा बिमा झाला' याचं 'कडूबा बिमार झाला' होऊन बसलं. वाटेत त्याला पुंजारामही भेटला असावा, कारण पुढच्या गावी लोक म्हणत होते, "तो म्हातारा बिमार पडल्ता न्हाई का? त्याच्याच उशाला बसून ह्याला लागलं."

कडूबाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो त्याच महिन्यात टेंभुर्णीला गेला. स्वतःच्याच गावी, बद्रीनाथ पाटलाच्या मुलीच्या लग्नाला. बद्रीनाथ त्याच्या बरोबरीचा, एका बांधावर खेळलेला. मुलगी देऊळगावच्या बाजूला दिली होती. म्हणजे निजामाच्या हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात, वऱ्हाडात. तेव्हा वऱ्हाडातून वऱ्हाड आलं, आणि या शब्दावरून दोन्हीकडच्या थट्टेखोरांनी सकाळपासून एकमेकांना सोडलं नव्हतं.

लग्न लागलं. वाड्यापुढच्या मांडवात पहिली पंगत वऱ्हाडाची बसली. पत्रावळींवर वांग्याची भाजी, वरण-भात, पुऱ्या, आणि मधोमध बुंदी. कडूबा चरापाशी दुसऱ्या घाण्याची तयारी करत होता. हाक झाली, "घ्या मंडळी, सावकाश होऊ द्या." आणि नेहमी हाकेमागून येतो तो आवाज आला नाही. पुऱ्या मोडल्याचा, वरण भुरकल्याचा, 'मीठ आणा' म्हटल्याचा. आचाऱ्याचा कान डोळ्यापेक्षा तिखट असतो. कडूबानं मान वर केली.

पंगत बसून होती. कोणाचाही हात पत्रावळीला लागत नव्हता. जो तो शेजाऱ्याकडे पाहत होता आणि शेजारी पंगतीच्या टोकाला बसलेल्या एका म्हातारीकडे. ती नवऱ्या मुलाची आजी, तुळजाबाई. सत्तरीची, ताठ बसणारी, आणि तिनं घास उचलल्याशिवाय त्या घरात कोणी उचलत नसे.

बद्रीनाथ हात जोडून उभा होता. "मावशी, काही चुकलं का? मानपान राह्यला का कोणाचा?"

"मानाचं काही न्हाई, व्याही," तुळजाबाई म्हणाली. "पर आमच्या कानावर आलंया की तुमचा आचारीच बिमार हाय. लेकरंबाळं हायत पंगतीत. ज्याच्या हातचं खायाचं तोच आजारी, तर आमी काय करावं, तुमीच सांगा."

बद्रीनाथचं तोंड उतरलं. लेकीच्या सासरचं वऱ्हाड दारातून उपाशी उठणं म्हणजे काय, हे तिथं कोणाला सांगायची गरज नव्हती. लेकीला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. आतल्या दाराशी नवरी उभी होती; तिनं पदर दातांत धरला होता.

कडूबा हात पुसत पुढं आला. "मावशी, मी बिमार न्हाई. पाहा, धडधाकट उभा हाय. लोकांनी उलटं ऐकलं. बिमार न्हाई, बिमा. बिमा उतरवायला गेल्तो."

"बिमा म्हंजे?"

इथं कडूबाला गप्प राहता आलं असतं. पण विचारलेल्या गोष्टीचं खरं उत्तर द्यायचं, ही त्याची खोड होती. त्यानं सांगितलं: समजा, न होवो, पण पंगतीतल्या कोणाला माझ्या जेवणानं काही झालं, कोणी दगावलं, तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी, अशी सोय कुठं होते का ते पाहत होतो.

ज्यांचे हात पत्रावळीजवळ होते त्यांनी ते मांडीवर ओढून घेतले. एक फेटेवाला पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "म्हंजे कोण मरनार हाय हे ह्याला आधीच ठावं हाय."

"कोणी मरणार न्हाई हो."

"मंग सोय कशाची करून राह्यला बाबा?"

कडूबानं कानाची पाळी ओढली. त्याला कळेना की जे आपण लोकांच्या भल्यासाठी करायला गेलो, ते सांगितल्यावर इतकं वाईट कसं ऐकू येतं. बद्रीनाथ त्याच्याकडे पाहतही नव्हता. वरणावर साय धरू लागली होती.

मग तो वळला आणि चरापाशी गेला. दुसऱ्या घाण्यासाठी काढून ठेवलेला झारा त्यानं उचलला, राखेनं घासला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि येऊन तुळजाबाईसमोर धरला.

"हा ठेवा मावशी."

"हे काय?"

"माझा झारा. जेवू घातल्यावर तीन दिस मी हा ठेवून जातो. पंचवीस सालाची रीत हाय, कोणालाबी विचारा. कोणाच्या पोटात दुखलं तर सांगावा धाडायचा बी न्हाई. झारा आला न्हाई की मी येतो. सगळे बरे राह्यले तर माघारी धाडा."

बद्रीनाथ हलक्या आवाजात म्हणाला, "कडूबा, झारा यजमानाच्या घरी राहतो. माझ्या खुंटीला."

"पाटील, आजवर ठेवला खरा तुमच्यासारख्यांच्या खुंटीला. पण पोट यांचं, जोखीम यांची. झारा बी यांच्याकडंच पाहिजे. माझंच चुकत आलं इतकी सालं."

तुळजाबाईनं झारा हातात घेतला. उलटा करून पाहिला, भोकांतून मांडवाकडे पाहिलं. "अन् मी न्हाईच धाडला तर?"

"तर मी आचारी न्हाई. गावात येऊन भावाची ढोरं राखीन."

"वऱ्हाडाची माणसं किती हायत, ठावं हाय तुला?"

"एकशे सदतीस. पत्रावळी मी मोजून मांडल्यात."

म्हातारीनं झारा मांडीवर आडवा ठेवला. बुंदीची चिमूट उचलली, तोंडात टाकली, सावकाश चावली. एकशे छत्तीस माणसं तिच्या जबड्याकडे पाहत होती. मग तिनं वांग्याची एक फोड पुरीत धरली, तीही खाल्ली.

"भाजीत मीठ कमी हाय," ती म्हणाली. "आणा."

आणि पंगतीनं हात घातला.

संध्याकाळी वऱ्हाड निघालं तेव्हा तुळजाबाईच्या गाडीत, नवरीच्या पेटीशेजारी, झारा होता. पुढच्या पंगतींना कडूबानं दुसऱ्या झाऱ्यानं बुंदी पाडली. गावकऱ्यांनी शेपटीवाली बुंदी मुकाट्यानं खाल्ली.

तीन दिवस झाले. झारा आला नाही. चौथ्या दिवशी कडूबानं जोडे घातले, तेव्हा टेंभुर्णीहून बद्रीनाथचा माणूस आला. देऊळगावहून निरोप होता: आचाऱ्याला म्हणावं येऊ नको. कोणी आजारी न्हाई. झारा धाडू तेव्हा धाडू.

या निरोपाचा अर्थ कोणालाच लागेना. आजारी नाही तर झारा का ठेवला? सहाव्या दिवशी मस्तगडातच काकासाहेबांच्या घरी लग्न होतं. कडूबानं बुंदीऐवजी शिरा केला. काकासाहेब समंजस माणूस, म्हणाले, "शिरा बी गोडच असतो." पण पंगतीत कुजबुज झालीच: कडूबाचा झारा वऱ्हाडात अडकून पडलाय. झारा अडकला म्हणजे काय, ते त्याच्या रीतीनं पंचवीस वर्षं लोकांना शिकवलं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात ठरलेलं एक काम मोडलं. जाफराबादकडून येणारी सुपारी आलीच नाही.

"मामा," त्रिंबक म्हणाला, "नवा झारा करून घेऊ. मी लोहाराला नमुना काढून देतो, भोकं मोजून. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना. नवा केला म्हंजे जुना बुडाला, असं मीच कबूल केलं."

झुंबरबाई त्या दिवसांत काहीच टोमणा मारत नव्हती, आणि त्यामुळे कडूबाला जास्तच काळजी वाटे. ती रोज सकाळी रिकाम्या खुंटीवरची धूळ पुसत असे.

दहाव्या दिवशी रामकिसननं माडीवरून निरोप पाठवला. हैदराबादचं उत्तर आलं होतं, सांगितलं होतं त्यापेक्षा लवकर. त्यानं ते वाचून समजावलं. कंपनी असा बिमा घेत नाही. कारण असं दिलं होतं की जेवून गेलेली माणसं चहूकडे पांगतात. त्यांतल्या कोणाला काय झालं, ते जेवणानंच झालं की आणखी कशानं, याचा पत्ता कोण लावणार? घरोघर जाऊन विचारणारा माणूस कंपनीकडे नाही.

"बराबर हाय," कडूबा म्हणाला. "इतक्या माणसांना कोण विचारत बसंल."

रामकिसननं पत्राची घडी घातली. "कागद हवाय तुम्हाला?"

"ठेवा तुमच्याकडंच. माझ्याच्यानं वाचवणार न्हाई."

बाराव्या दिवशी सकाळी मस्तगडाच्या बोळात एक बैलगाडी शिरली. गाडीतून तुळजाबाई उतरली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात झारा. कडूबा उंबऱ्यात उभा राहिला.

"नाक्यावर करोडगिरीच्या शिपायानं अडवलं," तुळजाबाई ओट्यावर टेकत म्हणाली. "म्हणला, म्हातारे, हे काय घेऊन चाललीस, मालावर जकात हाय. म्हणलं, माल न्हाई बाबा, जामीन हाय. सोडवून द्यायला चालले. हसला अन् सोडलं. पाणी दे गं बाई, घसा सुकला."

झुंबरबाईनं तांब्या दिला. कडूबानं विचारलं, "मावशी, सगळे बरे होते, तर मंग इतके दिस?"

"तूच म्हणला न्हाईस का, एकशे सदतीस माणसं? सगळे बरे राह्यले तर धाड, म्हणलास. सगळे बरे हायत हे विचारल्याबिगर कसं कळंल? वऱ्हाड काय एका गावचं होतं? सात गावचं होतं. मी गावोगाव माणूस धाडला. जवळच्या दोन गावी मी स्वतः गेले. तिसऱ्या दिशी एकशे सहा झाले. सहाव्या दिशी एकशे सदतीसातला एकच राह्यला. भुजंग."

"भुजंग कोण?"

"आमचा मेंढरवाला. लग्नात जेवला अन् तसाच मेंढरं घेऊन चराईला गेला. कोणत्या रानात, त्याच्या बायकोलाबी ठावं न्हाई. ती म्हणाली, त्याला काय धाड भरती, द्या झारा धाडून. मी म्हणलं, अगं, तुझा नवरा बरा हाय का न्हाई हे तुला ठावं न्हाई, अन् मी झारा सोडू? शेवटी परवा एक मेंढपाळ भेटला, त्यानं रान सांगितलं. नातवाला गाडी जुंपायला लावली अन् गेले."

"अन्? कसा हाय?"

"मेंढरामागं पळून राह्यला होता. मला पाहून घाबरला, वाटलं घरी कोणी गेलं. म्हणलं, भुजंग्या, लग्नात जेवल्तास, पोटात दुखलं का? लई इचार केला त्यानं. म्हणला, दुखलं न्हाई, पर दुसऱ्यांदा बुंदी वाढणारा माझ्यापावतर आलाच न्हाई, ते अजून दुखतंय."

कडूबा हसू लागला. हसता हसता त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि बराच वेळ उपरणं तोंडावरच धरून ठेवलं. झुंबरबाईनं झारा घेतला, पदरानं पुसला, पण खुंटीला लावला नाही. नवऱ्याच्या हातात दिला.

त्यानं तिथंच चूल पेटवली. बेसन भिजवलं, पाक धरला. बारा दिवसांनी झारा कढईवर आडवा झाला आणि कळ्या टपटप पडू लागल्या, एकासारखी एक. बोळातल्या बायका दारात येऊन पाहू लागल्या. त्रिंबक जिनिंगला जाता जाता थांबला आणि कोणी विचारलं नसताना सांगू लागला की आमच्या मामांची रीत कंपनीपेक्षा पक्की आहे. झुंबरबाई म्हणाली, "जावईबापू, आता हे बी गावभर सांगू नका. वाटेत त्याचं काय व्हईल, देव जाणे."

तुळजाबाई जेवली, घटकाभर लवंडली, आणि ऊन उतरल्यावर निघाली. कडूबानं फडक्यात दोन शेर बुंदी बांधून दिली. "ही भुजंगाला द्या. म्हणावं, वाढणारा आला."

"देते." ती गाडीत बसली. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली. झुंबरबाईच्याही तेच मनात आलं होतं.

"आवो," ती नवऱ्याला म्हणाली, "जेवू घातलंत, शिदोरी बी दिलीत. रीत रीत असती. आता झारा?"

कडूबानं हातातल्या झाऱ्याकडे पाहिलं. परवा मस्तगडातच एक लग्न होतं. झारा आल्याचं कळताच काकासाहेबांनी स्वतः शब्द टाकून ते काम मिळवून दिलं होतं, आणि या वेळी बुंदी ठरली होती. त्यानं कानाची पाळी ओढली, एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बैलांकडे, आणि मग दोन पावलं पुढं जाऊन झारा गाडीकडे धरला.

"न्हाई रे बाबा," तुळजाबाई म्हणाली. "पुन्हा त्या भुजंगाला हुडकायला मी जायाची न्हाई. हाक रे गाडी."